क्योतोची कामो नदी नीट बघायची असेल तर अशी बघा : वरून खाली, चालत, अर्धा दिवस काढून

क्योतोला जाणारे बहुतेक जण कामो नदी बघतातच, पण कशी, तर शिजोच्या पुलावरून गिऑन या जुन्या वस्तीकडे जाताना, गर्दीत कठड्याला टेकून दोन फोटो काढायचे आणि पुढे देवळांच्या यादीकडे पळायचं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्या पुलाच्या बाजूलाच खाली उतरायला पायऱ्या आहेत आणि खाली उतरलं की शहर एकदम बदलतं, ट्रॅफिकचा आवाज वर राहतो, समोर पाणी, बगळे, शाळेतून घरी चाललेली पोरं, कुत्री फिरवणारे आजोबा. माझं म्हणणं सरळ आहे, एक देऊळ कमी करा आणि अर्धा दिवस नदीला द्या. पाण्याच्या दिशेने चालायचं, उत्तरेला कितायामापासून सुरू करून संध्याकाळी शिजोला पोचायचं. साधारण ६ किलोमीटर होतात, सगळं सपाट, किंचित उताराचंच.

आधी नदीचा आकार समजून घ्या म्हणजे चालताना मजा येते. कामो नदी क्योतोच्या उत्तरेच्या डोंगरांत उगम पावते, शहरातून उत्तर-दक्षिण वाहते, पुढे दक्षिणेला कात्सुरा नदीला मिळते आणि ते पाणी योदो नदीतून ओसाकाच्या खाडीत जातं. लांबी जेमतेम ३० किलोमीटरच्या वर, म्हणजे मोठी नदी नाहीच. पण डोंगरातून थेट शहरात उतरते त्यामुळे वर पाऊस पडला की पाणी फार पटकन चढतं. जुन्या काळी तर हिने शहराला रडवलंय. अकराव्या-बाराव्या शतकात शिराकावा नावाचा सम्राट होऊन गेला, जबरदस्त सत्ता असलेला माणूस, त्याच्याबद्दल सांगतात की माझं तीन गोष्टींपुढे काही चालत नाही असं तो म्हणायचा, कामोचं पाणी, फाशांचं दान आणि हिएई डोंगरावरचे भिक्षू. त्यात पाण्याचा नंबर पहिला. आणि अगदी अलीकडे, १९३५ च्या जूनमध्ये, मोठा पूर आला त्यात शहरातले कितीतरी पूल वाहून गेले, सान्जो आणि गोजोचे पूलसुद्धा. त्यानंतर नदीचं पात्र खोल करण्यात आलं. म्हणून आज पाणी रस्त्यापासून इतकं खाली दिसतं आणि दोन्ही बाजूंना रुंद सपाट पट्टे आहेत ज्यावर आपण चालतो. ते पट्टे बागेसारखे दिसतात पण मुळात ती पुराच्या पाण्यासाठी सोडलेली जागा आहे, हे डोक्यात ठेवा. जोराचा पाऊस झाला की तो चालायचा रस्ताच पाण्याखाली जातो. त्यामुळे आदल्या रात्री किंवा सकाळी मुसळधार पाऊस झाला असेल तर खाली उतरू नका, वरून पुलावरून बघा, तेही दृश्य बघण्यासारखंच असतं. तुमच्या डोक्यावर ऊन असेल तरी वरच्या डोंगरात पाऊस चालू असू शकतो, तेव्हा पाणी गढूळ होऊन चढायला लागलंय असं दिसलं की सरळ पायऱ्या चढून वर या.

कधी जायचं? एप्रिल सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात गर्दीचा. मार्चच्या शेवटापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नेहमीचा साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, फुलतो. मे छान, हवा चांगली. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा, जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट म्हणजे दमट उकाडा, क्योतो डोंगरांच्या खोलगट वाटीत बसलंय त्यामुळे वारा नाही, तापमान सहज ३५ च्या पुढे जातं, त्या दिवसांत दुपारी चालू नका, चार-साडेचारला सुरू करा. सप्टेंबरात वादळांचा धोका. ऑक्टोबर-नोव्हेंबर मला स्वतःला सगळ्यात आवडतो, उन्हाचा रंग वेगळा असतो आणि नदीकाठची झाडं लाल-पिवळी होतात, आणि देवळांमध्ये जी चेंगराचेंगरी असते ती इथे नसते. हिवाळ्यात बोचरी थंडी असते पण पाण्यावर पांढरे सीगल येतात आणि माणसं अगदी कमी. एक लक्षात ठेवा, डिसेंबरात पाचच्या आधीच सूर्य मावळतो, तेव्हा बारालाच निघा. बाकी दिवसांत दोनच्या सुमारास सुरू केलं तर थांबत थांबत चालून अंधार पडता पडता शिजोला पोचता.

पोचायचं असं. क्योतो स्टेशनवरून कारासुमा लाइनची सबवे पकडा, उत्तरेच्या दिशेची, आणि कितायामा स्टेशनला उतरा, पंधरा-वीस मिनिटं लागतात. बसने पण जाता येतं पण क्योतोच्या बस टुरिस्ट सीझनमध्ये इतक्या भरलेल्या असतात की मी तरी सांगणार नाही. इकोका किंवा सुईका हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड असेल तर गेटवर टॅप करायचं, संपलं. दिवसाचा पास या फेरीसाठी घेऊ नका, चालायचंच आहे तर पैसे वसूल होत नाहीत. मोठी बॅग हॉटेलवर किंवा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका, पाठीवर छोटी सॅक, पाण्याची बाटली, बसायला एखादं प्लास्टिक किंवा पंचा, आणि कचऱ्यासाठी एक पिशवी. ही पिशवी विसरू नका, कारण नदीकाठी कचऱ्याचे डबे जवळपास नाहीतच, सगळे आपापला कचरा घरी घेऊन जातात.

कितायामा स्टेशनातून बाहेर आलं की दक्षिणेला बोटॅनिकल गार्डन लागतं, १९२४ साली उघडलेलं, वेळ असेल तर आत जा नाहीतर सोडा. पश्चिमेकडे दहा मिनिटं चाललं की कितायामाचा पूल. पुलाच्या अलीकडेच, म्हणजे नदीच्या पूर्व काठाने खाली वळा. इथून किताओजीच्या पुलापर्यंत बांधावरून एक वाट आहे, नाकारागी-नो-मिची, अलीकडे नदी आणि पलीकडे गार्डन. या वाटेवर खाली झुकणाऱ्या फांद्यांचा गडद गुलाबी साकुरा आहे, मांडव घातल्यासारखा, त्याखालून चालत जायचं. हा साकुरा बाकीच्यांपेक्षा उशिरा फुलतो, म्हणजे तुमची ट्रिप चुकून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पडली आणि सगळीकडचा बहर ओसरला असेल तर इथे या, हमखास काहीतरी मिळेल. साकुरा नसला तरी ही वाट चांगलीच आहे. मागे वळून बघा, उत्तरेला डोंगरांच्या रांगा एकामागे एक, आणि उजवीकडे ईशान्येला तो उंच दिसतो तो हिएई, ८४८ मीटर, शिराकावाचे ते भिक्षू तिथलेच.

किताओजीनंतर वस्ती येते, खास बघण्यासारखं असं काही नाही आणि तेच चांगलं आहे. पोरं बेसबॉल खेळतात, कुणी बाकावर पुस्तक वाचतंय, कुणी मासे पकडायला उभं. इथे पाण्यात दर थोड्या अंतरावर छोटे बंधारे दिसतील, पाणी पायरीपायरीने खाली येतं. वेग कमी करायला आणि पात्र खरवडलं जाऊ नये म्हणून ते बांधलेत. त्यांच्या पायथ्याशी पाणी घुसळतं, वरून साधं दिसलं तरी तिथे पोरांना सोडू नका. करडे मोठे बगळे याच बंधाऱ्यांवर तासन् तास उभे असतात, वरून घसरत येणाऱ्या माशांची वाट बघत. हळू चाललात तर अगदी जवळून दिसतात.

पूर्व काठानेच चालत राहिलात की आपोआप त्या टोकाला पोचता जिथे पूर्वेकडून ताकानो नदी येऊन कामोला मिळते. याला सगळे कामोगावा डेल्टा म्हणतात. दोन नद्यांच्या मध्ये जमिनीचं त्रिकोणी टोक, आणि दोन्ही बाजूंना पाण्यात दगड टाकलेत त्यावरून उड्या मारत पलीकडे जायचं, काही दगड कासवाच्या आकाराचे. हे दगड नुसते खेळायला नाहीत, नदीचा तळ वाहून जाऊ नये म्हणूनही ते काम करतात. जवळच विद्यापीठं आहेत त्यामुळे संध्याकाळी विद्यार्थ्यांचे घोळकेच्या घोळके असतात, गिटार, हसणं, खाणं. दगड ओलांडताना घाई करू नका, मधलं अंतर मोठ्या माणसाच्या एका ढांगेचं आहे, काही ठिकाणी जरा जास्त. ओले असले की घसरतात, चपला नकोत, बूट घाला. समोरून कुणी येत असेल तर आधी त्याला येऊ द्या. लहान मूल असेल तर हात धरा आणि पाणी नेहमीपेक्षा वर असेल, दगडांवरून जात असेल, तर पुलाने जा, पूल शंभर पावलांवर आहेत. उन्हाळ्यात पाणी घोट्या-गुडघ्याएवढं असतं तेव्हा पोरं खाली खेळतात, पाय सोडून बसायला काहीच हरकत नाही, पोहायची मात्र ही नदी नाही.

आता घारी. हे मी जरा जोर देऊन सांगतो कारण लोकांना खरं वाटत नाही. डेल्टावर आणि एकूणच नदीकाठी घारी घिरट्या घालत असतात आणि हातातलं खाणं उचलून नेतात, मागून येतात, आवाज होत नाही, आणि नखं लागली तर हात चांगलाच फाटतो. तशा सूचनेचे बोर्डसुद्धा लावलेत. तर मोकळ्या जागेत मधोमध बसून सँडविच हातात धरून गप्पा मारू नका. झाडाखाली बसा, पुलाखाली बसा किंवा पाठ भिंतीला लावून बसा, खाणं पिशवीतून काढून लगेच तोंडात. आणि त्यांना मुद्दाम काही टाकू तर अजिबात नका, त्यानेच त्या सोकावल्यात.

काय खायचं याचं उत्तर इथे सोपं आहे. दगडांवरून पश्चिम काठाला या, वर चढा, कावारामाची रस्त्यावर देमाची फुताबा नावाचं दुकान आहे, १८९९ पासूनचं, रांग बघूनच कळेल. तिथली मामेमोची घ्यायची, चिकट तांदळाच्या लगद्याची मऊ मोची, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड सारण आणि बाहेरच्या पारीत थोडे खारट लागणारे अख्खे लाल वाटाणे. शाकाहारी लोकांना निर्धास्त खाता येईल अशी ही गोष्ट, कारण नाहीतर जपानमध्ये साध्या दिसणाऱ्या पदार्थातसुद्धा माशाचं पाणी असतं. मंगळवारी दुकान बंद असतं, दुपारी उशिरा गेलात तर संपलेलं असू शकतं. त्याच दिवशी खायची, दुसऱ्या दिवशी कडक होते. रांग फारच असेल तर बाजूला मासुगाता नावाचा छोटा झाकलेला बाजार आहे, तिथे फळं, भजीसारखे तळलेले प्रकार, चहा, सगळं मिळतं.

इथे तुम्हाला एक ठरवावं लागेल. डेल्टाच्या उत्तरेला दहा-पंधरा मिनिटांवर शिमोगामो देऊळ आहे आणि त्याच्या आधी तादासु-नो-मोरी हे जुनं राखलेलं जंगल. शहराच्या मध्यावर असं रान टिकून राहिलंय हे बघण्यासारखंच आहे आणि ते नदीशी जोडलेलं आहे, दोन नद्यांच्या बेचक्यातच ते उभं आहे. देऊळ वर्ल्ड हेरिटेजमध्ये आहे. तासभर जाईल. १५ मेला असाल तर आओई मात्सुरी या उत्सवाची मिरवणूक जुन्या राजवाड्यातून निघून इथे येते आणि पुढे नदीकाठाने कामिगामो देवळाकडे जाते, जुन्या दरबारी कपड्यातली माणसं, बैलगाडी, घोडे. त्या दिवशी नदीकाठी उभं राहून फुकट बघता येतं.

देमाचीपासून पुढे पश्चिम काठाने चाला. हा काठ पुलांच्या खालून जातो त्यामुळे सिग्नल नाही, रस्ता ओलांडायचा नाही, चालत राहायचं. मारुतामाचीपर्यंत मोकळं आहे, पुलांखाली ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा सराव करणारी माणसं भेटतात, घरात आवाज होतो म्हणून इथे येतात, थांबून ऐका पण तोंडासमोर कॅमेरा धरू नका. डावीकडे पूर्वेच्या डोंगरावर मोठं 大 असं अक्षर कोरल्यासारखं दिसेल, ते दाइमोन्जी. १६ ऑगस्टला रात्री ८ वाजता त्यावर आग पेटवतात, आणि मग वीसेक मिनिटांत आजूबाजूच्या डोंगरांवरच्या बाकीच्या चार आकृत्याही पेटतात, ओबोन या पितरांच्या सणाला घरी आलेल्या पूर्वजांच्या आत्म्यांना निरोप द्यायचा म्हणून. कामो नदीचा हा पट्टा दाइमोन्जी बघायला सगळ्यात चांगला, म्हणूनच डेल्टाजवळ त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. सहापर्यंत पोचा, पाणी जवळ ठेवा, आणि डेल्टाचा हट्ट सोडून थोडं दक्षिणेला मारुतामाचीकडे सरका, तिथूनही दिसतं. आणि हा निरोप आहे हे लक्षात ठेवून उभे राहा, आजूबाजूला हात जोडणारी माणसं असतात.

सायकल घ्यावी का असं बरेच जण विचारतात. घेऊ शकता, काठावरून सायकल चालते, पण हळू, आणि चालणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं. अडचण येते ती थांबल्यावर, कुठेही लावली की उचलून नेतात आणि पैसे भरून सोडवून आणावी लागते. मला विचाराल तर चालणंच बरं, सायकलवर बगळे दिसत नाहीत.

निजोपासून नदीचा चेहरा बदलतो. पश्चिम काठाला लागून मिसोसोगी नावाचा छोटा प्रवाह मुख्य नदीला समांतर वाहतो आणि त्यावर खांब रोवून हॉटेलांनी लाकडी माच बांधलेले असतात, नोर्योयुका. मे ते सप्टेंबर, आता बरीचशी ऑक्टोबरपर्यंत. निजो ते गोजो या पट्ट्यात अशी शंभराच्या आसपास हॉटेलं आहेत. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, उन्हाळ्यात लोक नदीच्या वाळूत बाकडी टाकून गार व्हायला बसायचे, त्याचंच हे आजचं रूप. बसायचं असेल तर आधी बुकिंग करा, रात्रीचं जेवण माणशी पाच-सहा हजार येनपासून सुरू होतं आणि वर कितीही जातं, माचाचा वेगळा चार्जही काही ठिकाणी असतो तो आधी विचारून घ्या. पाऊस आला तर आत बसवतात. दुपारचं जेवण माचावर बहुतेक ठिकाणी मे आणि सप्टेंबरातच देतात, मधले महिने उन्हाचे. कमी पैशात अनुभव हवा असेल तर सान्जो पुलाजवळच्या स्टारबक्सलाही माच आहे, कॉफीच्या भावात बसता येतं, गर्दी मात्र धरून चाला. आणि काहीच खर्च करायचा नसेल तर अंधार पडताना पूर्व काठाला जा आणि समोरून बघा, कंदील लागलेले असतात, त्यांचा उजेड पाण्यात पडतो. फोटोसाठी तर पूर्व काठच.

सान्जो ते शिजो या अर्ध्या-पाऊण किलोमीटरमध्ये पश्चिम काठाच्या कडेला जोड्या आणि मित्रमंडळी बसलेली असतात, पाण्याकडे तोंड करून, आणि एकमेकांपासून जवळपास सारखं अंतर ठेवून. कुणी सांगत नाही तरी ते पाळलं जातं. तुम्ही बसाल तेव्हा दोन जोड्यांच्या बरोबर मधल्या जागेत बसा, कुणाला खेटून नको. बिअर प्यायला कायद्याने बंदी नाही, पण आवाज बेतानं. शहरातल्या या पट्ट्यात बार्बेक्यूला आणि आवाजाच्या फटाक्यांना बंदी आहे, ड्रोन उडवायचा विचारही करू नका.

सान्जोचा पूल वर चढून नक्की बघा. एदोहून, म्हणजे आताच्या तोक्योहून, चालत येणारा तोकाइदो रस्ता इथे संपायचा. १५९० मध्ये तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने इथे दगडी खांबांचा पूल झाला. कठड्याच्या खांबांवर कांद्याच्या आकाराच्या धातूच्या टोप्या आहेत, पश्चिम टोकाजवळच्या एकीवर तलवारीचा वार दिसतो, १८६४ साली जवळच्या इकेदाया नावाच्या खानावळीत सामुराईंची चकमक झाली, त्यातला असं सांगतात. बोटाने चाचपून बघा, खाच लागते. मग शिजो. तिथे पुलाच्या पूर्व टोकाला इझुमो-नो-ओकुनीचा पुतळा आहे, १६०३ च्या सुमारास तिने क्योतोत जे नाच केले त्यातून काबुकी हा जपानी नाट्यप्रकार सुरू झाला असं मानतात, आणि या नदीकाठची मोकळी जागा तेव्हा तमाशे-खेळांची जागा होती. रस्त्यापलीकडे मिनामिझा थिएटर, आताची इमारत १९२९ ची. त्या दोघांच्या मधोमध उभं राहिलं की नदीकाठाचा आणि नाटकाचा संबंध डोळ्यासमोर येतो.

काही सुटे मुद्दे. टॉयलेट काठावर ठिकठिकाणी आहेत पण सलग नाहीत, डेल्टाजवळ आणि स्टेशनांमध्ये उरकून घ्या. व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर पायऱ्यांऐवजी उतार शोधा, बऱ्याच पुलांजवळ आहेत, आणि डेल्टाचे दगड वगळून पुलाने काठ बदला. मोठ्या पावसानंतर कधीतरी पाण्यात मीटरभर लांबीचा, ओल्या दगडासारखा दिसणारा प्राणी दिसेल, तो महाकाय सॅलमँडर, संरक्षित आहे, हात लावू नका, लांबून बघा.

अर्धा दिवस नसेलच तर केइहान लाइनने देमाचियानागीला उतरा, स्टेशनातून बाहेर आलं की डेल्टा समोरच, तिथून शिजोपर्यंत तीनेक किलोमीटर चाला. ओसाकाहून येणाऱ्यांना तर हे फारच सोयीचं, योदोयाबाशीहून स्पेशल एक्स्प्रेस थेट येते आणि प्रीमियम डबा सोडला तर जास्तीचं तिकीट लागत नाही. परत क्योतो स्टेशनला जायचं असेल तर गिऑन-शिजोहून केइहानची लोकल घ्या, तोफुकुजीला उतरून जेआरच्या नारा लाइनने एक स्टेशन. स्पेशल एक्स्प्रेस तोफुकुजीला थांबत नाही हे ध्यानात ठेवा. आणि पाय अजून चालत असतील तर ट्रेन सोडा, पूर्व काठाने गोजो ओलांडून शिचिजोपर्यंत जा, गर्दी एकदम संपते, शिचिजोचा कमानीचा पूल १९१३ चा आहे, १९३५ च्या पुरातही टिकलेला, आणि तिथून पश्चिमेला सरळ पंधरा-वीस मिनिटं चाललं की क्योतो स्टेशन.